टिटवीची अंडी

दिलावरने बैलाच्या पोटाखालून गोणपाट सरकवलं आणि त्याचं दुसरं टोक लंकाबाईच्या हातात दिलं. दोघांनी जोर लावला. बैल गुडघ्यांवर आला आणि पुन्हा बसला.

"ऱ्हाऊ द्या, दिलावरभाऊ. रोज येता तुमी. रगताचं मानूस बी एवढं करीत न्हाई."

दिलावरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. श्रावण अर्धा सरला तरी आभाळ घासलेल्या पातेल्यासारखं लख्ख होतं. गावात रोज एखादं जनावर बसत होतं, आणि बसलेलं उठत नव्हतं. ओसरीवरच्या बाजेवर लंकाबाईची सासू कण्हत होती. तिचे पाय दोन वर्षांपासून लुळे पडले होते.

यंदा वैशाखात, जर्मनीची लढाई संपायच्या बेताला आली तेव्हा, सारं गाव चाऱ्यापाण्यासाठी जनावरं घेऊन नेवाशाकडे, प्रवरेच्या काठाला निघायच्या तयारीत होतं. त्याच दिवसांत दिलावर नदीच्या कोरड्या पात्रात टरबुजांच्या वेलांना पाणी घालायला झिरा खणत होता. वाळूत टिटवीची चार अंडी दिसली. कुदळीखाली फुटतील म्हणून त्याचा जीव कळवळला. त्याने ती डोक्यावरच्या टोपीत घेतली आणि वर काठावर नेऊन ठेवली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी कारभारीनानांनी ती तिथे पाहिली. टिटवीने पात्रात अंडी घातली तर दुष्काळ, उंचावर घातली तर नदी दुथडी. नानांचा हा चाळीस वर्षांचा ठोकताळा, आणि नानांचा शब्द म्हणजे गावाचा शब्द. भरलेल्या गाड्या रिकाम्या झाल्या, गूळ वाटला गेला. त्या आनंदात खरं सांगायला दिलावरची जीभ रेटली नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता मृग कोरडा गेला.

काठी टेकत कारभारीनाना अंगणात आले. सकाळपासून ते दारोदार फिरत होते.

"लंके, माझ्या शब्दावर थांबलात तुमी समदे," ते हात जोडून म्हणाले. "टिटवी चुकत न्हाई. माझंच डोळं गेलं आसंल. माफी कर मला."

त्या म्हाताऱ्याचे जोडलेले हात दिलावरला बघवेनात. त्याने टोपी काढून नानांच्या पायाशी ठेवली.

"डोळं शाबूत हायेत तुमचं, नाना. अंडी पात्रातच हुती. मीच ह्या टोपीतनं वर नेली."

नाना टोपीकडे बघत राहिले. काठी अंगावर येईल म्हणून दिलावर मान खाली घालून उभा होता. आली असती तर त्याला बरंच वाटलं असतं.

"म्या बघितलं हुतं," लंकाबाई म्हणाली. तिचा हात अजून बैलाच्या पाठीवर होता. "घागर घिऊन झिऱ्याकडंच येत हुते मी तवा."

"आन बोलली न्हाईस?"

"बोलले असते तर गाव गेलं असतं, नाना. गाडीचं हादरं सासूला सोसलं नसतं, आन हिला टाकून मी कशी निघाले असते?"

बाजेवरचं कण्हणं थांबलं होतं. म्हातारीने सावकाश भिंतीकडे तोंड फिरवलं.