रोजचंच

मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे आणि अमेरिकेतल्या श्रूजबरी गावी एका घराच्या बेसमेंटमध्ये धूळ खात पडले आहे. दुकानातून या घरी आले तेव्हा मला वाटायचं, आपल्या वाट्याला एखादं लग्न नाहीतर बारसं तरी येईल. आलं ते वेगळंच. एका दुपारी वसुधाने टीव्हीवर लागलेला एक फ्रेंच चित्रपट माझ्यावर टेप केला.

त्यात एक तरुण मुलगी होती. ती बटणांच्या दुकानात काम करायची, उभ्याउभ्याच जेवायची, मोजे धुऊन खिडकीत वाळत घालायची आणि रविवारी दार लावून नुसती बसायची. बस्स, एवढंच! पण वसुधाला तेच बघायचं असे. १९८४ साली लग्न होऊन ती इथे आली. तिला ना गाडी चालवता येत होती, ना नोकरीची परवानगी होती. नवरा, गिरीश, ऑफिसला गेला की ती मला लावायची. दिवसभरात तेवढा दीड तास तिचा स्वतःचा होता आणि तो माझ्यापाशी होता, याचा मला फार अभिमान वाटे. चित्रपटाचं फ्रेंच नाव काही तिला लिहिता येईना, म्हणून तिने माझ्या लेबलवर लिहिलं, 'रोजचंच'.

घात केला तो त्या शब्दानेच. महाराष्ट्र मंडळाच्या नाटकात गिरीशने सासऱ्याचं काम केलं होतं. शैलेंद्रकाकांनी त्याचं शूटिंग केलं आणि एका रविवारी ते कॅमेरा घेऊन मंडळींसकट घरी आले. कॉपी करायला कोरी कॅसेट सापडेना. गिरीशने माझं लेबल वाचलं, बातम्या-बितम्या असतील असं ठरवलं आणि मला मशीनमध्ये सरकवलं. वसुधा तेव्हा किचनमध्ये सगळ्यांसाठी बटाटेवडे तळत होती. ती बाहेर आली तेव्हा पडद्यावर पांढऱ्या मिशा लावलेला तिचा नवरा खोकत होता.

"अहो, ही कॅसेट..."

"रोजचंच होतं ना? इरेज केलं. का गं, इम्पॉर्टंट होतं काही?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"नाही," वसुधा म्हणाली. "वडे गरम आहेत तोवर घ्या."

त्या दिवसानंतर तिने मला कधी हात लावला नाही. गिरीशने मात्र येईल त्याला मला दाखवलं. माझी वाहवा झाली, पण ती मला बोचायची. मला पुसलं तेव्हा ओरडता आलं नाही, आणि जिला ओरडता येत होतं तिने ताट पुढे केलं.

आमच्यावर पुन्हा पुन्हा टेप करता येतं, हा आम्हा कॅसेटींचा गुण. तेव्हा मित्रांनो, मला जपा न जपा, पण घरातल्या बाईला कोरी समजू नका.