एक्केचाळीस हजारांची एक हरकत

एक्केचाळीस हजार लोकांनी पाठवलेल्या हरकतींची सरकारदरबारी एक हरकत झाली. एक. ही किमया हवामान बदल विभागाच्या उपसचिवांनी केली आणि वर तोंड करून बाईंना सांगितलीही.

बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. चौतीस वर्षं एकाच शाळेत धपाटे आणि शाबासक्या वाटून त्यांनी अर्ध्या गावाला वळण लावलं होतं. सरकारच्या नव्या धोरणाचा मसुदा आला, तेव्हा तो शेवटपर्यंत वाचणाऱ्या गावात त्या एकट्याच. कोळशावरची वीजकेंद्रं बंद करायची तारीख त्यात तीस वर्षं पुढे ढकलली होती. बाईंची लेक खाडीकाठच्या खालच्या गल्लीत राहायची. उधाणाचं पाणी महिन्यातून दोनदा तिच्या स्वयंपाकघरात यायचं, आणि मुदतवाढ द्यायला समुद्र काही सरकारी नोकर नव्हता.

हरकती साठ दिवसांत मागवल्या होत्या. बाईंनी शाळेच्या फळ्यावर नमुना पत्र लिहिलं आणि बजावलं, "जसंच्या तसं उतरवा. खाडाखोड चालणार नाही." मग किनाऱ्यावरच्या गावागावांत फळे भरले. लोकांनी मान खाली घालून उतरवून घेतलं.

"अक्षर फार सुरेख आहे हो सगळ्यांचं," उपसचिव म्हणाले. त्यांच्या कार्यालयातली एसीची खोली इतकी गार होती की साहेबांनी खुर्चीवर शाल ठेवली होती. "पण मजकूर एकच. एकाच मजकुराची हरकत एकच धरायची, असा नियम आहे."

"माणसं एक्केचाळीस हजार आहेत."

"आम्ही माणसं मोजत नाही, मुद्दे मोजतो. अजून आठवडा आहे. ज्याला त्याला स्वतःच्या शब्दांत लिहू द्या."

बाई धुसफुसतच परतल्या. शाळेच्या पटांगणात माणसं जमवून त्यांनी "आपापलं लिहा" म्हणून सांगितलं. तासभर एकाचंही पेन हलेना. मासेवाली, पोस्टमन, गवंडी, सगळे कोऱ्या फळ्याकडे बघत बसले.

"बाई, तुम्हीच सांगा ना काय लिहू," गवंडी म्हणाला. चाळिशीचा, दोन पोरांचा बाप. बाईंचं डोकंच फिरलं. आणि मग लक्षात आलं, हे पीक आपणच काढलंय. मनाने लिहिणाऱ्या प्रत्येक पोराचा कान त्यांनीच पिळला होता. त्यांना स्वतःची लाज वाटली.

शेवटी लेकीनं लिहिलं आणि उभं राहून वाचून दाखवलं. तेव्हा कुठे लोकांची भीड चेपली. आठवड्यात तीन हजार पत्रं झाली, एकासारखं दुसरं नाही. खाऱ्या झालेल्या विहिरी, बांधकामावर भर उन्हात कोसळलेला भाऊ, चार सणसणीत शिव्या, सगळं होतं. बाईंनी एकही चूक सुधारली नाही. जिवावर आलं, पण नाही सुधारली.

उपसचिवांनी चार दिवसांनी बोलावलं.

"आता पंचाईत अशी," ते म्हणाले, "की तीन हजार लोकांची तीन हजार तोंडं. एकाच्या मुद्द्याला दुसऱ्याचा दुजोरा नाही. ही झाली विखुरलेली मतं. मसुदा आहे तसा मंजूर होईल."

"सारखं लिहिलं तर एक, आणि वेगळं लिहिलं तर शून्य?"

"नियम मी नाही केले, बाई."

"वाचलीत तरी का?"

"वाचावी लागत नाहीत. खाली वर्गवारी करतात."

बाईंनी गठ्ठ्यातून लेकीचं पत्र उपसून त्यांच्यापुढे टाकलं. "उभे राहा. मोठ्याने वाचा."

त्या आवाजापुढे भले भले उभे राहिले होते. साहेबही राहिले.

"'उधाण आलं की मी शेगडी टेबलावर ठेवते आणि सासूबाईंना उचलून रचलेल्या गाद्यांवर बसवते. त्या म्हणतात, मेल्यावर उचलायचं ते आत्ताच उचलतेस का गं? मग आम्ही दोघी हसतो. मागच्या महिन्यात पाणी गाद्यांना लागलं. तेव्हा त्या हसल्या नाहीत.'"

साहेब थांबले. तेवढंच पुन्हा मनाशी वाचलं.

"म्हणजे चढतंच चाललंय," ते हळूच म्हणाले. "तीस वर्षं कुठली, पाचसुद्धा निघणार नाहीत."

मग खाली बसून त्यांनी गठ्ठ्यावर 'विखुरलेली मतं' असा शिक्का मारला आणि विचारलं, "चहा घेणार?"

बाईंनी आयुष्यात शेकडो ढ पोरं पाहिली होती आणि त्यातली बरीचशी मार्गी लावली होती. हा ढ नव्हता. ढ असता तर शिकवता तरी आला असता. याला सगळं कळत होतं. बाईंना त्या माणसाची किळस आली. लेकीचं पत्र त्यांनी पर्समध्ये घातलं, बाहेर पडल्या आणि जिन्यातूनच फोन लावला.

"काय झालं, आई?" लेकीनं विचारलं. "पटलं का त्यांना?"

"पटलं," बाई म्हणाल्या. "तू सामान बांधायला घे. सासूबाईंना घेऊन माझ्याकडे या सगळे."