मिठाच्या धुक्यात उरलेला पत्रा

मी एक जुना पत्रा आहे, तळहाताएवढा. आतून पोलाद, वरून कथिलाचा मुलामा.

मित्रांनो, एकाच मोठ्या पत्र्यातून आम्ही चौघे भाऊ कापले गेलो. तेव्हा कारखान्यावर संकट आलं होतं. आमच्यासारख्याच पत्र्याचे दूधभुकटीचे डबे तांबूस ठिपके पडून परत येत होते. सगळं खापर फुटलं मुलामा देणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रींच्या डोक्यावर.

"हात थरथरतात तुमचे आता," साहेब म्हणाले. "घरी बसा, आराम करा."

मिस्त्री हातमोजे काढून ठेवू लागले. प्रयोगशाळेतल्या बाईंना मात्र राहवलं नाही.

"साहेब, दोष हातांचा नाही. मुलाम्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं राहतात. तिथून ओल पोलादापर्यंत पोचते. मला आठवडाभर द्या."

साहेबांनी मुदत दिली आणि आम्हा चौघांवर प्रयोग सुरू झाला. पहिल्या भावाला नेहमीसारखाच मुलामा दिला. दुसऱ्याला आधी तेलकटपणा जाईपर्यंत धुतलं, मग मुलामा दिला. तिसऱ्याला धुऊन वर जाड थर चढवला. माझं तेच सगळं केलं आणि शेवटी क्षणभर तापवलं. कथिल वितळून छिद्रं बुजवत पसरलं, तोच मिस्त्रींनी मला पाण्यात बुडवलं. काय चरका बसला! पण अंग आरशासारखं लखलखलं.

मग गंज लवकर दिसावा म्हणून मिठाच्या पाण्याचं धुकं भरलेल्या पेटीत आम्हाला शेजारी शेजारी टांगलं. दुपारपर्यंत पहिला गंजला, त्याला काढून नेलं. संध्याकाळी दुसरा. सकाळी तिसराही गेला. पुढचे दोन दिवस मी एकटाच लटकत होतो. आपणही गंजावं आणि त्यांच्यामागे जावं, असं फार वाटलं.

पेटी उघडली. मिस्त्रींनी मला उजेडात धरून उलटसुलट पाहिलं.

"बाई, एक ठिपका नाही हो!"

साहेब खाली आले. "मिस्त्री, चुकलो मी. यापुढे सगळा माल असाच काढा."

मिस्त्रींनी नुसता चष्मा पुसला. त्यांचे हात खरंच थरथरत होते, पण आता कुणी ते बघत नव्हतं.

काही दिवस मला पाहायला माणसं येत. पुढे मिस्त्री मानानं निवृत्त झाले, बाईंची बदली झाली आणि मी टेबलाच्या खणात गेलो. भाऊ भंगारात गेले. तिथे निदान ते एकत्र वितळले असतील.

परवा खण उघडला. कुणीतरी कात्री घेतली आणि खण बंद केला.

मित्रांनो, डबे कोरडे ठेवा, ओरखडे पाडू नका. कुणाला दोष देण्याआधी छिद्र शोधा. आणि जो टिकला त्याला काही लागत नाही, असं समजू नका. त्यालाही अधूनमधून हातात घ्या.