स्वतःहून बाद

पुरूदादा लंडनच्या पिनरला लेकीकडे आलेत ही बातमी 'मिरजकर यूके' ग्रुपवर पडली आणि तीन वर्षं नुसती गुड मॉर्निंगची फुलं पाठवणारा तो ग्रुप खडबडून जागा झाला. गुडघे दुखणारी, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या खाणारी माणसं एकाच संध्याकाळी दहा-अकरा वर्षांची झाली.

पुरूदादा म्हणजे पुरुषोत्तम मगदूम. मिरजेच्या बालवीर मंडळाचे खो-खोचे खेळाडू. त्यांच्यासारखा पळणारा मिरजेनं पुन्हा पाहिला नाही, निदान ग्रुपचं तरी हेच मत. क्रॉयडनच्या उदयनं लिहिलं, "खांबाला गिरकी मारायचा तेव्हा पाय जमिनीला लागायचे नाहीत, I swear." सुप्रभानं लिहिलं, "आम्हा मुलींना शिकवायला तो एकटाच यायचा. बाकीचे कुंपणावर बसून हसायचे." एकानं तर कबूलच केलं, की पुरूदादाची हुलकावणी जमावी म्हणून तो घरच्या म्हशीपुढे सराव करायचा. म्हैस मात्र एकदाही फसली नाही.

आणि फिरून फिरून सगळे एकाच गोष्टीवर यायचे, ती त्र्याऐंशीची फायनल. शेवटचा डाव, मिनिटभर वेळ बाकी, पुण्याच्या संघाला जिंकायला एक गडी हवा. पुरूदादा चार मिनिटं पळत होते. पुण्याच्या पोरानं मागून सूर मारला. हात लागला की नाही कुणालाच कळलं नाही, पंचांची शिट्टीही वाजली नाही. पुरूदादा थांबले, हात वर केला, "लागला," म्हणाले आणि मैदानाबाहेर गेले. मिरज एका गुणानं हरली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या प्रार्थनेला हेडमास्तरांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा पाचवीतल्या गिरीशनं ती घरी जाऊन तीनदा सांगितली होती. आज तो स्लाऊला राहणारा त्रेपन्न वर्षांचा भूलतज्ज्ञ होता, आणि ती गोष्ट अजूनही सांगायचा.

सत्कार ठरला. रविवारी, स्लाऊच्या कम्युनिटी हॉलमध्ये. शाल, श्रीफळ आणि मराठी माणसाचा सत्कार म्हटला की ज्याच्यावाचून घास उतरत नाही ते मानपत्र. ते गिरीशनं लिहिलं. 'क्रीडाक्षितिजावरील तेजस्वी तारा' वगैरे सगळं यथासांग होतं, पण फायनलचा परिच्छेद त्यानं पाच वेळा लिहून पाच वेळा खोडला होता. मानपत्रात तारीख चुकली तर सत्कारमूर्ती स्टेजवरच ती दुरुस्त करतात आणि पुढे अर्धा तास बोलतात, हा मराठी मंडळांचा जुना अनुभव. म्हणून शनिवारी दुपारी कच्चा मजकूर घेऊन तो पिनरला गेला.

दार पुरूदादांची लेक वरदा हिनं उघडलं. "ये रे, बाबा मागे उन्हात बसलेत. ऊन म्हणजे आपलं इथलं," असं म्हणून तिनं भडंगाची ताटली त्याच्या हातात दिली. काचेच्या खोलीत सत्तरीचा एक काटकुळा माणूस माकडटोपी घालून बसला होता. गिरीशनं वाकून नमस्कार केला. पुरूदादांनी चष्मा लावला, मजकूर वाचला, आणि एका जागी बोट ठेवलं.

"हे काढ."

"कुठलं, दादा?"

"फायनलचं."

"अहो, तोच तर मेन भाग आहे! बाकी सगळं डेकोरेशन."

"काढ म्हणतो ना."

"हा तुमचा मोठेपणा आहे, पण—"

"मोठेपणा कसला बोडक्याचा!" पुरूदादांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "त्या पोराचा हात लागलाच नव्हता. चांगला वीतभर लांब होता."

गिरीशला वाटलं, थट्टा करताहेत.

"दम संपला होता माझा. बरगडीखाली अशी कळ आली होती, की आणखी एक वळसा घेतला असता तर सगळ्या गावासमोर तोंडावर पडलो असतो. मला सुटायचं होतं. हात वर करणं सोपं होतं, बघ. टाळ्या पडतील हे कुणाला ठाऊक? मग पेपरात आलं, हेडमास्तर घरी आले. आमचा कॅप्टन गळ्यात पडून रडला. म्हणाला, पुरू, कप काय पुढच्या वर्षी आणू. कप कधी आला नाही. दोन वर्षांपूर्वी तोही गेला. त्यालासुद्धा सांगितलं नाही मी." ते थांबले. "म्हणून उद्या स्टेजवर सांगून टाकणार आहे."

गिरीशला आधी राग आला. चाळीस वर्षं देव्हाऱ्यात ठेवलेला दगड उठून म्हणतो, मी नुसताच दगड! पण राग बाजूला सारून त्याच्या तोंडून जे निघालं ते त्यालाच अनपेक्षित होतं.

"दादा, नका सांगू. प्लीज. उद्या सव्वाशे माणसं येताहेत. आपापलं लहानपण घेऊन येताहेत. कुणी बर्मिंगहॅमहून, कुणी लेस्टरहून. आता या वयात कशाला?"

"आणि तू?"

"मी काय?"

"तूही तेच घेऊन आलास ना? नाहीतर घाम कशाला फुटलाय तुला?"

घाम खरंच फुटला होता. गिरीशनं भडंगाची ताटली खाली ठेवली. जे त्यानं बायकोखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं ते तो सांगू लागला.

इंग्लंडात येऊन त्याला सहा महिने झाले होते. हॉस्पिटलचं नाव त्यानं घेतलं नाही. एका बाईंना द्यायच्या औषधात त्याच्या हातून एक शून्य जास्त पडलं. बाईंचा श्वास मंदावला, दोन दिवस त्या आयसीयूमध्ये होत्या. सगळ्यांना वाटलं, आजारच बळावला. कुणी तो कागद पुन्हा पाहिला नाही. व्हिसा नोकरीवर टांगलेला, घरी तीन महिन्यांची मुलगी. गप्प बसला असता तर आजही कुणाला कळलं नसतं.

"मी बॉसला सांगितलं. मग तिच्या नवऱ्याला सांगायला गेलो."

"काय म्हणाला?"

"समोरची खुर्ची पुढे सरकवली. मग विचारलं, Would you like a cup of tea?"

पुरूदादा हसले नाहीत. "आणि बाई?"

"बऱ्या झाल्या. आता ऐंशीच्या आहेत. दर ख्रिसमसला कार्ड येतं. माझी इन्क्वायरी झाली, पण नोकरी राहिली."

"सहज नसशील गेलास."

"छे. कॉरिडॉरमधून दोनदा परत फिरलो. मग तुम्हाला डोळ्यांसमोर आणलं आणि दार ठोठावलं."

"पण मी तर खोटाच होतो की रे."

"होता." हे बोलताना गिरीशला वाईट वाटलं, पण हलकंही वाटलं. "पण माझं काम झालं, दादा. तुम्ही नसता तर मी तिसऱ्यांदाही परत फिरलो असतो. त्याचे आभार मानायला मी चारशे मैलांवरूनसुद्धा आलो असतो. ते आभार आत्ताही आहेतच. त्यातलं काही कमी झालेलं नाही."

आतून वरदानं विचारलं, चहा टाकू का. "थांब जरा," पुरूदादा म्हणाले. मग त्यांनी मानपत्राचा कागद उचलला, खिशातलं पेन काढलं आणि तो परिच्छेद स्वतःच्या हातानं सावकाश खोडला. गिरीशनं या वेळी त्यांना थांबवलं नाही.

"सांगायला भीती वाटते रे मला," ते म्हणाले. "मघाशी ऐटीत बोललो, पण वाटते."

"वाटणारच."

"तू काय केलंस म्हणालास? मला डोळ्यांसमोर आणलंस?"

"हो."

"मग उद्या तू पहिल्या रांगेत बस," पुरूदादा म्हणाले. "मला दिसशील असा."