आमच्या घरात तंबाखू चालत नाही

वनमालाबाई स्वतः तव्यावर तंबाखू भाजायच्या. धूर असा व्हायचा की थाटीपूरच्या सरकारी क्वार्टरांतले शेजारी शिंकून बेजार. पानं काळी झाली की कुटून डब्यात भरायच्या आणि दिवसभर येता-जाता बोटावर घेऊन हिरड्यांना लावायच्या. पण ही झाली मशेरी. म्हणजे मंजन. तंबाखू खातात ती पुरुषमाणसं. महिपतरावांची, म्हणजे नवऱ्याची सिगारेट तर बाईंनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवायला लावून सोडवली होती. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला त्यांचा हात कधी कापला नाही.

आधी संस्थान गेलं, मग मध्यभारत राज्यही गेलं, आणि आता महिपतरावांची कचेरीच भोपाळला निघाली होती. अंगणात बांधाबांध चालू होती. कंदिलांतलं घासलेट उपसून ठेवलेलं, फळीवरचे डबे खाली जमिनीवर आलेले. त्या पसाऱ्यात चार वर्षांची शामला ओकली, घामानं चिंब झाली आणि पडली. टांगा करून मुरारला डॉक्टर सदाशिवरावांकडे नेईपर्यंत तिची मान धरवेना.

"काय खाल्लं हिनं?" डॉक्टरांनी विचारलं.

कोणी पाहिलं नव्हतं.

त्यांनी नाडी धरली, ओघळणारी लाळ पुसली. "तंबाखूसारखं वाटतंय. घरात कोण खातं?"

"आमच्या घरात तंबाखू चालत नाही," वनमालाबाई म्हणाल्या आणि त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

महिपतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. "मी सोडली, डॉक्टरसाहेब. हिचीच शपथ आहे."

"शपथा राहू द्या. फ्रॉकला घासलेटचा वास येतोय. तंबाखू असेल तर आत्ताच्या आत्ता नळी घालून पोट धुवायला पाहिजे. पण घासलेट असेल आणि मी नळी घातली, तर ते छातीत उतरून पोर हातची जाईल. सोचून सांगा, वहिनी. टाइम नाहीये."

"घासलेटच असेल," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी हातातली नळी खाली ठेवली.

बाईंनी लेकीचा हात हातात घेतला. उजव्या हाताचं पहिलं बोट पेरापर्यंत काळं होतं, बाकी हात स्वच्छ. बाईंनी ते बोट मुठीत झाकलं. तव्याची काजळी असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. कोळसा असेल. पोर आचके देत श्वास घेत होती आणि मुठीतलं बोट गार पडत चाललं होतं. बाईंना भीती वाटत होती, पण ती सगळी पोरीसाठी नव्हती. आता नवरा काय म्हणेल, हीसुद्धा त्यात होती. ते कळलं आणि त्यांना स्वतःची किळस आली.

त्यांनी मूठ उघडली. "हे बघा. मशेरी आहे."

डॉक्टरांनी बोट पाहिलं. "पक्कं? घासलेट नाही?"

"तंबाखू आहे. मी खाते. रोज खाते."

डॉक्टरांनी नळी उचलली.

दुपार कलली तेव्हा शामलानं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. महिपतराव भिंतीकडे तोंड करून रडले. मग डोळे पुसून बायकोजवळ आले. रागावले असते तर बरं, असं बाईंना वाटलं.

"डबा अंगणातच पडला असेल," ते म्हणाले. "घरी गेल्यावर पहिला तोच फेकतो."

बाईंच्या हिरड्या केव्हाच्या शिवशिवत होत्या. एवढ्या बांधाबांधीत एक डबा हरवला, तर कोण शोधत बसणार होतं? गप्प राहिलं की झालं.

त्यांनी कमरेला हात घातला आणि खोचलेला डबा काढून नवऱ्यासमोर धरला.

"अंगणात नाही," त्या म्हणाल्या. "ही पडलेली दिसली तेव्हा शेजारीच उघडा होता. आधी झाकण लावून हा खोचला. मग हिला उचललं."