हे ते दुखणं नाही
जानरावांनी सुईला टोचलेला बिब्बा दिव्यावर धरला. तेल चरचरू लागलं, तशी चतुराबाईंनी पोटावर दोन्ही हात घट्ट धरले.

"आज बिब्बा नोका देऊ. हे ते दुखणं नाही."

"मंग कोनतं हाय?"

"मले का मालूम? पन त्याले मी वळखते. हे ते नाही."

दिवा धरून उभ्या असलेल्या रुख्मिणीने बापाकडे पाहिलं. जानराव हसले. बायकोचं पोट बारा वर्षांपासून दुखत होतं. महिन्यातून दोनदा उठायचं, ओवा खाल्ला, शेक दिला की बसायचं, नाहीच बसलं तर बिब्ब्याचा डाग. पहिल्या वर्षी हेच जानराव गाडी जुंपून रिठदहून वाशीमच्या दवाखान्याकडे पळत सुटायचे. पुढे पळणं राहिलं. रोज मरे त्याला कोण रडे! त्यात कापसाची वेचणी ऐन भरात होती. त्यांनी बायकोचे हात बाजूला सारून डाग दिला आणि सकाळी वावरात निघून गेले.

तिसऱ्या दिवशी चतुराबाईंचं पोट लाकडासारखं कडक झालं, तेव्हा गाडी जुंपली.

"कधीपासून दुखतंय?" दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं.

"बारा सालापासून, साहेब."

"ते दुखणं बारा वर्षं माणसाला जगू देतं. मी हे विचारतोय. हे कधीचं?"

जानरावांची मान खाली गेली. "परवाचं."

"मग परवाच आणायचं होतं," डॉक्टर म्हणाले.

चतुराबाई त्याच संध्याकाळी गेल्या.

दिवसपाण्याला माणसं जमली. जानरावांची बहीण गोजराबाई डोळे पुसत म्हणाली, "बारा सालं सोसलं बिचारीनं. आखरीले त्याच दुखन्यानं नेलं."

जानरावांनी मान हलवली. हलवताना त्यांना स्वतःची लाज वाटली, तरी हलवली. मग त्यांनी भीत भीत लेकीकडे पाहिलं. एवढ्या माणसांत तिला एकटीलाच खरं ठाऊक होतं.

"हो आत्या, त्यानंच नेलं," रुख्मिणी म्हणाली आणि पाण्याचा गडवा भरायला उठली.

पोरीने सांभाळून घेतलं, असं त्या दिवशी जानरावांना वाटलं. महिनाभर त्यांनी त्यातच समाधान मानलं.

पौषात एका दुपारी वेचणीतली एक बाई त्यांना बांधावर म्हणाली, "पोरीले चार दिवसापासून ताप हाय, अन् तुमी अथी वावरात?"

जानराव धोतर सावरत घरी धावले. रुख्मिणी चुलीपुढे भाकरी थापत होती. तिच्या कपाळाला हात लावला तर चटका बसला.

"मले सांगतलं काहून नाही?"

तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"सांगून काय व्हते, बा?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर जानरावांना काहीतरी बोलता आलं असतं.