ओट्याची उंची

आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला धाकटीने प्रोजेक्टसाठी स्वतःच्या वडिलांसाठीचं नवं घर घेतलं, आणि तेही फक्कीवाल्यांच्या पद्धतीने. फक्कीवाले म्हणजे चांगले नावाजलेले वास्तुकार. बरोबरीच्यांनी चिडवायला ठेवलेलं नाव त्यांनी जन्मभर खुशाल मिरवलं. टेबलाशी बसून घर काढणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, असं त्यांचं म्हणणं. ते थेट जागेवर जाऊन चुन्याच्या फक्कीने सगळं घर आखत, स्वयंपाकाच्या ओट्याच्या जागी कोरड्या विटा रचत आणि घरच्या माणसांना त्यातून अनवाणी चालायला लावत. पाय जिथे वळतील तिथली रेघ बदलायची. नियम एकच, पण कडक: जे राहणार त्यांतलं कुणीही वगळायचं नाही.

वगळायला आहेच कोण, असं धाकटीला वाटलं. राहणारे एकटे बाबा.

आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. झटका आल्यापासून ती जुन्या घराच्या हॉलमध्ये भाड्याच्या लोखंडी कॉटवर पडून होती, डावं अंग लुळं पडलेलं. ती गेल्यावर कॉट परत केली, तरी बाबा हॉलमधून जाताना त्या जागी पोट आत घेऊन तिरके व्हायचे. जेवण दोन घासांवर आलं होतं आणि शर्ट खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबायचा. डॉक्टरांनी दादाला, म्हणजे धाकटीच्या मोठ्या भावाला, बाजूला घेऊन सांगितलं की यांना त्या घरातून हलवा, नाहीतर हेही हातचे जातील. दादाने आपला शहराबाहेरचा प्लॉट देऊ केला होता. बाबा हो म्हणाले की काम सुरू. पण बाबा ताकास तूर लागू देत नव्हते. हिला सोडून कुठे येऊ, एवढंच म्हणायचे. प्लॉटवरची आखणी बघायला आले तेसुद्धा पोरीच्या मार्कांसाठी.

धाकटीने जुन्या घराची एकही खूण नव्या आखणीत येऊ दिली नव्हती. फक्त ओटा तेवढा उंच, बाबांच्या कमरेला येईल असा. जुना ओटाही उंचच होता. आई बुटकी, त्यामुळे तिने सगळा संसार चवड्यांवर उभं राहून केला. बांधताना मला कुणी विचारलंच नाही, ही तिची कायमची तक्रार. आणि बायकोची उंची मोजून ओटा बांधतात का कुठे, हा बाबांचा कायमचा विनोद. त्यावर सगळे हसायचे, आई सोडून.

बाबांनी चपला काढल्या, फक्कीने आखलेल्या दारातून आत आले, चार पावलं चालले आणि हॉलच्या मधोमध पोट आत घेऊन तिरके झाले. परतताना पुन्हा तिथेच. उघड्या जमिनीवर, जिथे पायाला अडायला खडासुद्धा नव्हता. धाकटीला राग आला. महिनाभर खपून तिने हे घर काढलं ते हेच सुटावं म्हणून! तरी नियम तो नियम. पाय वळले तिथे तिने कॉटएवढा चौकोन आखला आणि उरलेली सगळी फक्की तणतणत त्यात ओतली.

"बघा बाबा," ती म्हणाली, "आहे का इथे काही?"

बाबांनी शांतपणे पाहिलं. "उशी खिडकीकडे येऊ दे," ते म्हणाले. "तिला उजेड लागतो."

निघताना दादाने फाटकाला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा न सांगता तयार होऊन बसले होते. तिघं प्लॉटवर आले, दादाने कुलूप काढलं आणि धाकटी पुढे झाली ती हॉलच्या रेघेशीच थबकली.

चौकोनातल्या फक्कीतून पावलं बाहेर निघाली होती. लहान, बायकी, पांढरी. चौकोनाकडे जाणारं एकही पाऊल नव्हतं. सुरुवातीला उजवा पाय उमटलेला आणि डाव्याच्या जागी नुसती फरपटत गेलेली रेघ. मग ती रेघ तुटक होत गेली, आणि स्वयंपाकघराच्या दारापासून दोन्ही पावलं सरळ पडली होती. कुठल्याही भिंतीच्या रेघेवर पाय पडला नव्हता. जी कोण होती ती दारातून गेली होती.

कुणीतरी कामवाली बाई भिंतीवरून उतरली असेल, असं दादा म्हणाला आणि कुंपणाच्या भिंतीला चक्कर मारून आला. भिंतीलगत एकही पाऊल नव्हतं.

पावलं ओट्याच्या विटांपाशी संपत होती. तिथे टाचा उमटल्याच नव्हत्या. नुसते चवडे होते, खोल रुतलेले.

बाबा मागून आले. हॉलमधून, चौकोनावरून, तिरके न होता सरळ. त्यांनी ते चवडे पाहिले आणि वर्षभरात पहिल्यांदा हसले.

"चालायला लागली," ते म्हणाले. मग दादाकडे वळून त्याला म्हणाले की काम सुरू कर, मी इथेच राहणार.

धाकटीला हवं होतं ते मिळालं होतं. ती पावलं न मोडता कडेकडेने ओट्यापाशी आली. फक्कीवाल्यांचा नियम तिने अख्ख्या वर्गाला तोंडपाठ म्हणून दाखवला होता, आणि वगळलं होतं ते नेमकं आपल्याच आईला. बाबांनी विटांवर हात ठेवला. ओटा उंच झालाय, म्हणाले. तिने वरचा एक थर उतरवला.

"आता?" तिने विचारलं. कुणाला विचारलं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

बाबांनी मान कलती करून शेजारी पाहिलं, जरा खाली, बुटक्या माणसाकडे बघतात तसं. थोडा वेळ ऐकत राहिले.

"अजून एक थर काढ," ते म्हणाले. "जन्मभर कुणी विचारलं नाही, म्हणते. आता विचारलंयस तर नीट कर."

धाकटी खाली वाकली आणि तिने दुसरा थर काढायला घेतला.